ठिपका वरून येतो, रस्ता खालून: वाचकांचे जीपीएसचे प्रश्न

मागच्या महिन्यात या पानावर गाडीत मोबाईल कुठे अडकवायचा एवढंच लिहिलं होतं, तर त्यावर इंदूरच्या वाचकांचे इतके मेसेज आले की यावेळचं पूर्ण पान त्यालाच दिलंय. मी बावीस वर्षं गाड्यांमध्ये स्टिरिओ, कॅमेरे आणि नेव्हिगेशनची फिटिंग केलीये, त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेच सांगतो. नावं छापू नका असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं म्हणून फक्त कॉलनी देतोय.

प्रश्न (राजेंद्रनगर): दिवाळीत आम्ही गाडीने पुण्याला गेलो. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात नेट गेलं आणि मॅप पांढरा पडला, पण निळा ठिपका पुढे सरकतच होता. हे म्हणाले जीपीएस गेलं, मुलगा म्हणाला गेलं नाही. नेटशिवाय जीपीएस चालतं का? आणि वेगळा नेव्हिगेटर घ्यावा का?

उत्तर: मुलगा बरोबर आहे ताई. आणि हा एक मुद्दा नीट कळला ना, की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ठिपका आणि रस्ता या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ठिपका वरून येतो. जीपीएसचे तीसेक उपग्रह जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतायत, आणि प्रत्येक जण सतत एकच निरोप पाठवतोय की मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. तो निरोप प्रकाशाच्या वेगाने येतो तरी त्याला सेकंदाचा साधारण चौदावा-पंधरावा भाग लागतोच, आणि किती वेळ लागला त्यावरून तुमचा फोन काढतो की हा उपग्रह किती लांब आहे. असे चार उपग्रह मिळाले की झालं काम. चौथा कशाला, तर फोनचं घड्याळ उपग्रहाच्या अणुघड्याळाइतकं पक्कं नसतं, त्याची चूक काढायला. ही चूक फार महागात पडते, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढी घड्याळं चुकली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो.

या सगळ्यात नेट कुठेच नाही. फोन नुसता ऐकतो, बोलत नाही. रेडिओवर विविध भारती ऐकायला आपण आकाशवाणीला फोन लावतो का, तसंच हे.

रस्ता मात्र नेटवरून येतो. खालचा नकाशा, पेट्रोल पंप, पुढे जाम आहे की नाही, हे सगळं कंपनीच्या कॉम्प्युटरमधून तुकड्या-तुकड्याने उतरत असतं. घाटात ते तुकडे यायचे थांबले म्हणून मॅप पांढरा, आणि आकाश मोकळं होतं म्हणून ठिपका चालू. त्यामुळे वेगळ्या डब्याची गरज नाही, निघायच्या आदल्या रात्री वायफायवर ऑफलाइन मॅप उतरवून ठेवा, आणि तो चौकोन इंदूरपुरता नको, सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव, मनमाड, शिर्डी, नगर करत पुण्यापर्यंत सगळं त्यात आलं पाहिजे, एका चौकोनात मावलं नाही तर दोन करा. ऑफलाइनमध्ये गाडीचा रस्ता दाखवतो, ट्रॅफिक दाखवत नाही.

अजून एक, घाटात फोन बंद करून चालू करू नका. नेट असताना कुठले उपग्रह डोक्यावर आहेत याची माहिती फोनला आयती मिळते आणि ठिपका दोन-चार सेकंदात येतो. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून घ्यावी लागते आणि तो अगदी सावकाश सांगतो, एका उपग्रहाची कामापुरती माहिती यायला अर्धा मिनिट, आणि सगळ्या उपग्रहांची यादी पूर्ण यायला साडेबारा मिनिटं. अशा वेळी गाडी मोकळ्यावर उभी करा आणि थोडा धीर धरा, फोन बिघडलेला नसतो.

प्रश्न (सुदामानगर): भावाने १५ वर्षांपूर्वी अमेरिकेतून आणलेला नेव्हिगेटर कपाटात सापडला. चालू होतो, जागा बरोबर दाखवतो पण तारीख पार वीस वर्षं मागची. खराब झालाय का?

उत्तर: नाही हो. जीपीएसच्या निरोपात तारीख नसते, आठवड्याचा नंबर असतो, आणि जुन्या पद्धतीत तो नंबर १०२३ पर्यंतच जातो, पुढे परत शून्य. मोजणी ६ जानेवारी १९८० ला सुरू झाली, एकदा ऑगस्ट १९९९ मध्ये शून्यावर आली आणि दुसऱ्यांदा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री. तुमच्या डब्याला ती दुसरी फेरी कळली नाही म्हणून तो १०२४ आठवडे, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं मागे बसलाय. अपडेट मिळालं तर तारीख सुधारेल. पण त्यातला नकाशा १५ वर्षं जुना आहे, आपल्याकडे तर हायवेचे नंबरसुद्धा बदलले, इंदूर-धुळे जो एनएच ३ होता तो आता ५२ आहे. मुलांना अक्षांश-रेखांश शिकवायला वापरा, गाडीत नको.

प्रश्न (विजयनगर, स्कीम ५४): नवा अँड्रॉइड स्टिरिओ बसवला, मॅपमध्ये गाडी कायम बाजूच्या सर्व्हिस रोडवर दिसते, कधी नाल्यात. त्याच जागी माझा मोबाईल बरोबर दाखवतो. फिटिंगवाला म्हणतो सॅटेलाइट वीक आहे.

उत्तर: सॅटेलाइट वीक असता तर मोबाईलपण चुकला असता. हे फिटिंगचं काम आहे. स्टिरिओबरोबर माचिसच्या पेटीएवढी एक काळी चौकोनी डबी येते, तिला लांब वायर असते आणि खाली चुंबक. तो जीपीएसचा अँटेना. घाईत बरेच मुलं ती डबी स्टिरिओच्या मागेच कोंबून टाकतात, पत्र्याच्या पट्टीखाली, आणि कधी कधी उलटी. त्या डबीच्या आत सिरॅमिकचा एक तुकडा असतो आणि त्याचं तोंड आकाशाकडे लागतं, चुंबकाची बाजू खाली. मी स्वतः डॅशबोर्ड उघडून अशा किती डब्या सरळ केल्यात. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या वर ठेवायला सांगा. काचेवर धातूची सनफिल्म असेल तर तीही सिग्नल अडवते. आणि स्वस्तातला डॅशकॅम लावला असेल तर एक दिवस त्याची वायर काढून बघा, काही डॅशकॅम आणि चार्जर इतका गोंधळ करतात की शेजारच्या अँटेनाला वरचा बारीक आवाज ऐकूच येत नाही.

सराफ्यात किंवा राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत ठिपका उड्या मारतो ते मात्र वेगळं, तिथे सिग्नल भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने येतो आणि फोनला वाटतं उपग्रहच लांब आहे. तिथे ठिपक्यापेक्षा दुकानाच्या पाटीवर भरोसा ठेवा.

प्रश्न (लोकमान्यनगर, कॉलेजची विद्यार्थिनी): नाविक ही आपली स्वतःची उपग्रहांवरून जागा सांगणारी व्यवस्था असताना आपण अमेरिकेचं जीपीएस का वापरतो?

उत्तर: फोन फक्त जीपीएस वापरतच नाही, तो रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बायडू आणि चिपमध्ये सोय असेल तर नाविक, सगळ्यांचं एकदम ऐकतो. नाविकचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला आणि २०१६ मध्ये सात पूर्ण झाले, पण सुरुवातीच्या काही उपग्रहांमधली बाहेरून घेतलेली अणुघड्याळं बंद पडली, आणि घड्याळ बंद म्हणजे ठिपक्यासाठी तो उपग्रह बाद. मग इस्रोने स्वतः बनवलेलं अणुघड्याळ २९ मे २०२३ ला एनव्हीएस-०१ या नव्या नाविक उपग्रहामधून वर पाठवलं, मला त्या बातमीने खरंच फार आनंद झाला होता. जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ वर गेला पण ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. काम अजून चालू आहे, आणि तू इंजिनियरिंगला असशील तर हे घड्याळांचं क्षेत्र बघच. आपलं उज्जैन इथून पन्नासेक किलोमीटरवर, जुन्या ज्योतिषगणिताची मध्यरेषा तिथूनच धरायचे, वेधशाळा अजून उभी आहे, एकदा जाऊन ये.

प्रश्न (रामबाग): महेश्वरहून येताना मॅपने पंधरा मिनिटं वाचतील म्हणून आतल्या रस्त्याला घातलं, पुढे इतकी अरुंद वाट की गाडी वळवता येईना, आई घाबरून रडायला लागली. असं का करतो?

उत्तर: काकू शेवटी नीट घरी पोचल्या हे वाचून जीव भांड्यात पडला. कारण माझ्यावर याहून वाईट वेळ आलीये.

जुलै महिना, मंडलेश्वरकडून जाम गेटवरून महूला येत होतो, रात्रीचे साडेनऊ, पाऊस. मॅप म्हणाला डावीकडे वळा, चौदा मिनिटं वाचतील. वळलो. चार-पाच किलोमीटर गेल्यावर रस्ता उताराला लागला आणि हेडलाइटच्या उजेडात पुढचा डांबरी रस्ता चमकायला लागला, मला वाटलं ओला आहे म्हणून. तेवढ्यात दोन पोरं टॉर्च हलवत धावत आली, भैया आगे रपटा डूबा है. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल. मी उतरून बघितलं तर जो रस्ता चमकत होता तो रस्ता नव्हताच, रपट्यावरून वाहणारं पाणी होतं, आणि माझा निळा ठिपका स्क्रीनवर अगदी बरोब्बर जागी, सुंदर रेषेवर. ठिपका खोटं बोलत नव्हता. रेषा चुकीची होती.

मॅपला रस्ता म्हणजे जोडलेल्या तुकड्यांची बेरीज, प्रत्येक तुकड्याला किती मिनिटं लागतात तेवढंच तो बघतो, आणि ती मिनिटं त्याला तिथून जाणाऱ्या लोकांच्या फोनवरून कळतात. जिथे रात्री कुणी जातच नाही तिथे त्याच्याकडे ताजं काहीच नसतं, पाणी चढलं, पूल खचला, हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ रामगंगेच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडून तिघं गेले, पुलाचा भाग पुरात वाहून गेला होता आणि मॅपवर पूल होता अशी बातमी सगळ्यांनी वाचली असेल.

म्हणून मी आता पावसाळ्यात आणि अंधार पडल्यावर हायवे सोडत नाही, मॅप तीस मिनिटं वाचवतो म्हणाला तरी नाही. दिवसा सोडायचा असेल तर आधी टपरीवर विचारतो, रपटा उतरलाय का, मोठी गाडी जाते का. आणि तुमच्या बाबतीत एक गोष्ट तपासा, मॅपमध्ये वर गाडीचं चित्र निवडलेलं आहे की बाईकचं. बाईकचं राहिलं असेल तर तो बिनधास्त गल्लीबोळातून नेतो, हे खूप घरांत होतं कारण मुलगा फोन घेऊन आदल्या दिवशी स्कूटरवर गेलेला असतो. बंद रस्ता दिसला की ॲपमध्ये तिथल्या तिथे कळवा, मागून येणाऱ्याला उपयोग होतो.

प्रश्न (महू): अमेरिकेतला भाचा ट्रेकिंगसाठी उपग्रहावरून मेसेज जाणारं यंत्र आणतोय, चालेल ना?

उत्तर: आणू देऊ नका. नुसतं ऐकणारा जीपीएस वेगळा आणि उपग्रहाला बोलणारं यंत्र वेगळं. सॅटेलाइट फोन आणि असे मेसेंजर दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आपल्याकडे चालत नाहीत, परदेशी प्रवाशांना विमानतळावर यासाठी ताब्यात घेतलंय. आजच फोन करून सांगा त्याला.

प्रश्न (नंदानगर): बाबा हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल १९९१ मध्ये बंद पडली पण आता विसरभोळेपणा वाढलाय आणि सकाळी पाळीला जायचं म्हणून निघून जातात. गळ्यात जीपीएस घातलं तर उपग्रहाला कळेल ना ते कुठे आहेत? कुठलं घ्यावं?

उत्तर: तुमचा मेसेज मी तीनदा वाचला. आधी हे स्पष्ट करतो, उपग्रहाला बाबा कुठे आहेत हे कधीच कळत नाही. गळ्यातलं यंत्र उपग्रहाचं ऐकून स्वतःची जागा काढतं आणि आतल्या सिमकार्डावरून तुमच्या फोनला कळवतं. म्हणजे तीन गोष्टी चालू लागतात, आकाश, सिम आणि बॅटरी. सिमचा रिचार्ज संपला की यंत्र मुकं. म्हणून घेताना दुकानात विचारा की सिम कुठल्या नेटवर्कचं चालतं, दर दहा मिनिटांनी जागा पाठवली तर चार्ज किती टिकतो, आणि घराभोवती सीमा आखून ती ओलांडली की फोन वाजतो का. ही सीमा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. चार्जिंग रोज एकाच वेळेला, बाबा संध्याकाळी टीव्हीसमोर बसतात तेव्हा.

किल्लीला लावायचं गोल बटण मिळतं ते स्वस्त पडतं पण त्यात जीपीएस नाही, जवळून जाणाऱ्या लोकांच्या फोनवर ते अवलंबून असतं, पहाटे रिकाम्या रस्त्यावर त्याचा भरोसा नाही. जोडीला ठेवा, एकटं नको. आणि खिशात तुमचा नंबर लिहिलेलं कार्ड, हिंदीत.

आता शोधायची वेळ आली तर स्क्रीनवर ठिपक्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ बघा. बाबा ठिपक्यावर नसतात, त्या वर्तुळात कुठेही असतात. मोकळ्यावर वर्तुळ लहान असतं, घरात किंवा दुकानात शिरले की यंत्र टॉवरवरून अंदाज करतं आणि वर्तुळ एकदम वाढतं, कधी किलोमीटरभर. अशा वेळी मोठ्या वर्तुळाच्या मध्यावर धावू नका, मागे जाऊन लहान वर्तुळाचा शेवटचा ठिपका कुठे होता आणि किती वाजता तो बघा, तिथे जाऊन चहावाल्याला, पोह्याच्या ठेल्यावर विचारा. एक जण ११२ ला फोन करून तोच ठिपका पोलिसांना सांगेल, दुसरा मिलच्या गेटकडे. तुम्हीच लिहिलंय की ते पाळीला निघतात, म्हणजे यंत्राच्या आधी तुम्हाला माहितीये ते कुठल्या रस्त्याला लागलेत. त्या रस्त्यावरच्या चार दुकानदारांना आजच बाबांचा फोटो आणि तुमचा नंबर देऊन या.