बेसबॉलमध्ये बेसवर पोहोचण्यात सर्वांत पटाईत फलंदाज कोण?

अख्खी कारकीर्द धरली तर टेड विल्यम्स. बोस्टन रेड सॉक्सच्या या पठ्ठ्याची ऑन-बेस सरासरी .४८२, मेजर लीगमध्ये आजवरची सर्वोच्च. म्हणजे जवळपास निम्म्या वेळा तो बाद न होता बेसवर (धावताना सुरक्षित थांबायच्या जागी). १९४१ च्या हंगामात तर .५५३!

एकाच हंगामापुरतं विचारत असाल तर २००४ चा बॅरी बाँड्स, सरासरी .६०९. हिट (चेंडू टोलवून गाठलेला बेस) १३५, पण वॉक (चेंडू न टोलवता फुकट मिळालेला पहिला बेस) तब्बल २३२. त्यातले १२० मुद्दाम दिलेले, कारण पिचर त्याला खेळता येईल असा चेंडू टाकायलाच धजत नसत. (उत्तेजकांचा वाद आहेच, पण आकडे नोंदीत आहेत.)

माझं मत विल्यम्सला. स्ट्राइक झोनबाहेरच्या (मारता येण्याजोग्या टप्प्याबाहेरच्या) चेंडूच्या नादी तो सहसा लागायचाच नाही. असे चार चेंडू (‘बॉल’) न मारता सोडले की पहिला बेस आयता.