केप कोस्ट आणि एल्मिना एका दिवसात?

प्रश्न: ऑफिसच्या कामाने आठवडाभर घानाला, अक्राला जातोय, सोबत बायको आणि १३ वर्षांची मुलगी आहे. एकच दिवस मोकळा मिळतोय. केप कोस्ट आणि एल्मिना दोन्ही किल्ले होतील का? आणि मुलीला न्यावं की नको, गुलामांच्या कोठड्या वगैरे बघून घाबरेल का?

उत्तर: होतील, पण पहाटे निघा हो, कारण अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास असलं तरी अक्रातून बाहेर पडेपर्यंतच ट्रॅफिक जीव काढतं, तीन तास धरूनच चाला. आधी केप कोस्ट करा, मग एल्मिना, मधलं अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर आहे.

एक सांगून ठेवतो, किल्ला म्हटलं की आपल्या डोक्यात जे येतं ते केप कोस्टला नाही. पांढराशुभ्र चुना मारलेली इमारत, समोर निळा समुद्र, आणि तोफांची तोंडं सगळी समुद्राकडे, म्हणजे भीती कोणाची तर दुसऱ्या युरोपियन जहाजांची! पहिल्या पाच मिनिटांत तर रिसॉर्टला आल्यासारखंच वाटतं. मग गाइड तुम्हाला पुरुष गुलामांना कोंडायच्या तळघरात नेतो. भिंतीत उंचावर एक लहानसा झरोका, बाकी अंधार, आणि मग तो पायाखालची जमीन दाखवतो, वर्षानुवर्षांची घाण साचून कडक झालेला थर आहे तो, खरी विटांची फरशी त्याच्याखाली. ह्याच कोठडीच्या बरोबर वर चर्च होतं. हे ऐकल्यावर आमच्या ग्रुपमधले फोटो काढणारे सगळे आपोआप थांबले.

म्हणून गाइडशिवाय फिरू नका, एकटे फिरलात तर नुसत्या रिकाम्या खोल्या दिसतील. आतलं म्युझियम छोटं आहे, अर्धा तास पुरे, पण ते टूरच्या आधी बघा म्हणजे संदर्भ लागतो.

एल्मिना जास्त जुना, पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला, १६३७ मध्ये डचांनी घेतला, १८७२ मध्ये इंग्रजांकडे गेला. तिथे कैदेतल्या बायकांच्या अंगणावर गव्हर्नरची बाल्कनी आहे, तो वरून बघून बाई निवडायचा. मुलीच्या बाबतीत खरा प्रश्न इथे येतो, कोठड्यांचा नाही. माझं मत विचाराल तर न्या, पण आदल्या रात्री तुम्ही दोघांनी तिच्याशी बोला, ही गोष्ट तिला पहिल्यांदा गाइडच्या तोंडून कळायला नको. आणि ती मध्येच बाहेर जाऊया म्हणाली तर लगेच बाहेर या, तिकिटाचे सेडी (तिथलं चलन) गेले तर गेले.

केप कोस्टला शेवटी ‘डोअर ऑफ नो रिटर्न’ येतं, इथूनच माणसं जहाजांकडे नेली जायची. ते दार उघडलं की एकदम लख्ख ऊन, रंगीबेरंगी होड्या, जाळी विणत बसलेले कोळी, आरडाओरडा करणारी पोरं. मागे वळून बघायला मात्र विसरू नका, दाराच्या बाहेरच्या बाजूला ‘डोअर ऑफ रिटर्न’ लिहिलंय. १९९८ मध्ये जमैका आणि अमेरिकेतून गुलाम म्हणून जगलेल्या दोघांचे अवशेष परत आणले तेव्हा ते ह्याच दारातून आत नेले होते.

दिवस निवडता येत असेल तर मंगळवार बघा, त्या दिवशी तिथल्या फान्टे समाजाचे कोळी समुद्रात जात नाहीत, त्यामुळे होड्या सगळ्या किनाऱ्यावरच असतात.