पॅरिस ते लंडन वीस मिनिटांत?

प्रश्न : मुलगी नोकरीनिमित्त पॅरिसला असते. जूनमध्ये मी आणि हे तिच्याकडे जाणार आहोत. मधले चार दिवस लंडनला पुतण्याकडे जाऊन परत पॅरिसला येऊ. तिने पाठवलेल्या तिकिटावर जाताना विमान १०.०५ ला सुटून १०.२५ ला पोहोचतं, येताना मात्र दुपारी ४ ला निघून ६.२० ला. हे कसं? आणि अंतर नक्की किती?
– एक वाचक, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : ताई, तिकीट बरोबर आहे. त्यावर प्रत्येक गावची वेळ त्या गावच्या घड्याळाची असते आणि लंडनचं घड्याळ पॅरिसच्या एक तास मागे. जाताना तो तास मिळतो, येताना वळता होतो. दोन्ही वेळा प्रवास एक तास वीस मिनिटांचाच.

सरळ रेषेत अंतर सुमारे ३४५ किलोमीटर. सोलापूरहून मुंबई हवेतून मोजली तर जवळपास तेवढीच भरेल. आपण त्यासाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्रभर झोपतो. विमान प्रत्यक्ष हवेत तासभरसुद्धा नसतं. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत रांगत जाण्यात आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असली तर उतरण्याआधी घिरट्या घालण्यात जातो. छापील वेळेत हे सगळं धरलेलं असतं.

पण तुम्ही न विचारलेली गोष्ट जास्त महत्त्वाची. व्हिसा! फ्रान्सचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असलेला व्हिसा, ब्रिटनमध्ये चालत नाही, तिथला वेगळा काढावा लागतो. शिवाय तुम्ही पॅरिसला परत येणार आहात. शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा मिळाला, तर लंडनला जाताच तो प्रवेश संपला. परतीचं विमान समोर उभं असून बसता येणार नाही. म्हणून अर्जात एकाहून अधिक प्रवेश मागा, लंडनची तिकिटं जोडा आणि व्हिसा हातात आला की आधी प्रवेशांचा रकाना वाचा. फोटो कसा आलाय ते नंतर.

आता माझं मत. मी असतो तर युरोस्टार ट्रेनने गेलो असतो. पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनवरून लंडनच्या सेंट पँक्रसला ती सुमारे दोन तास वीस मिनिटांत पोहोचते. कागदावर विमान तासाभराने पुढे. पण पॅरिसचा मोठा विमानतळ शहरापासून २५ किलोमीटरवर, हीथ्रोही लंडनच्या पश्चिम टोकाला. तिथवर जाणं, तपासणी, बॅगांची वाट पाहणं यात तो तास केव्हाच संपतो. ट्रेन शहरातून शहरात जाते. फ्रान्सची आणि ब्रिटनची अशा दोन्ही पासपोर्ट तपासण्या पॅरिसलाच होतात, म्हणून निदान तासभर आधी जाऊन थांबा. माणशी दोन बॅगा आणि एक हातपिशवी नेता येते, वजनकाटा नाही. पुतण्यासाठी चादरी आणि शेंगाचटणी खुशाल घ्या. समुद्र दिसेल म्हणून यजमानांना खिडकीशी बसवू नका. गाडी समुद्राखालच्या बोगद्यातून जाते. १९९४ मध्ये सुरू झालेला तो बोगदा ५० किलोमीटरचा आहे. वीसेक मिनिटं नुसता अंधार.

गाडीचं तिकीट आयत्या वेळी काढलं तर विमानापेक्षा महाग पडतं. हातातलं तिकीट रद्द केल्यास किती पैसे परत मिळतात, ते आधी मुलीला विचारा. फारसे मिळणार नसतील, तर विमानानेच जा.