‘आनंद करा’ हे मराठी बरोबर आहे का?

प्रश्न असा आला आहे: ‘ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे मयताच्या प्रार्थनेत पाळकांनी “प्रभूमध्ये आनंद करा” हे वचन वाचलं. आनंद होतो, वाटतो. तो करतात का? आणि सांत्वनाच्या पत्रात मी हे वाक्य लिहू का?’

आनंदाला आपण होणे, वाटणे, मानणे, घेणे, अगदी लुटणेसुद्धा जोडतो. करणे मात्र कानाला खटकतं, हे खरं. पण शोक, दुःख, काळजी, खंत हे सगळं आपण बिनदिक्कत ‘करतो’. राग येतो, तसा एखाद्याचा राग करताही येतो. ‘करणे’ लागलं की भावनेत माणसाचा स्वतःचा हात असतो, म्हणून तर ‘दुःख करू नकोस’ असं सांगता येतं. ‘तुम्हाला आनंद होवो’ ही सदिच्छा झाली. इथे हवी होती आज्ञा, आणि वचनाच्या मूळ ग्रीकमध्येही आज्ञार्थच आहे. त्यामुळे ‘करा’ चूक तर नाहीच, उलट नेमकं आहे.

वचन बायबलमधलं: येशूचा आद्य प्रचारक पौल याने फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रातलं, चौथ्या अध्यायातलं. पत्र लिहिताना तो कैदेत होता. त्याच फिलिप्पै गावात पूर्वी त्याला फटके मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं होतं, आणि तिथे मध्यरात्री तो आपला सहकारी सीला याच्यासोबत स्तोत्रं गात होता. आनंद आपसूक ‘होण्या’सारखं तिथे काय होतं?

‘प्रभूमध्ये’ मात्र मला जरा अवघडलेलं वाटतं. ग्रीक रचना जशीच्या तशी उतरली आहे. आपल्याकडे ‘ठायी’ हा सुरेख शब्द आहे; ‘प्रभूच्या ठायी’ म्हटलं की आनंदाचा आधार कोण, ते लगेच कळतं. मराठी बायबलमध्ये, विशेषतः स्तोत्रांत, तो भेटतोही.

बायबलमधल्याच हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात अंजिराला मोहर नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, अशी यादी येते, आणि मग ‘तरी’ मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. सगळा भार या ‘तरी’वर आहे. तिथे ‘म्हणून’ घातलं असतं तर वाक्य क्रूर झालं असतं. संकट आलं म्हणून आनंद, असं ख्रिस्ती श्रद्धा म्हणत नाही. आपला मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेकडे जाताना येशू स्वतः रडला. आणि पौलच रोमकरांना, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती लोकांना, पत्रात सांगतो की आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. क्रियापद दोन्हीकडे तेच!

या ‘तरी’चं मराठी उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई. दुष्काळात आई-वडील गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं काम त्यांनी तरी तडीस नेलं. १९२२ मध्ये त्या गेल्या; ग्रंथ त्यांच्यामागे छापून आला.

आता पत्राचं. पाळकांनी हे वचन वाचणं वेगळं. ते त्या घराच्या श्रद्धेतून बोलतात. बाहेरच्या माणसाने ताज्या दुःखात ‘आनंद करा’ लिहू नये, उपदेश वाटतो. ‘प्रभू तुमचं सांत्वन करो’ एवढं लिहा. त्या घरात ही भाषा ओळखीची आहे. आणि शक्य असेल तर पत्राऐवजी जाऊन बसा. रोमकरांना सांगितलेलं तेच आहे.