पहिल्या बुद्धिबळ स्पर्धेसाठी ओपनिंग निवडताना

तालुक्याहून अमरावती किंवा नागपूरच्या खुल्या स्पर्धेत प्रथमच उतरणाऱ्याने सिसिलियन या ओपनिंगच्या (म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींच्या) लांबलचक शाखा पाठ करण्यापेक्षा इटालियन ओपनिंग नीट समजून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पांढऱ्याने ई४ (म्हणजे प्यादे ई४ या घरात; अक्षर पटाचा उभा स्तंभ आणि अंक आडवी ओळ दाखवतो), घोडा एफ३ आणि उंट सी४ अशा चाली केल्या, की उंटाची नजर थेट एफ७ च्या प्याद्यावर पडते. सुरुवातीला त्या प्याद्याला राजाखेरीज कोणाचाच आधार नसतो.

काळ्याकडून खेळताना तुम्ही ई५, घोडा सी६ अशा चाली करून मग दुसरा घोडा एफ६ वर आणला, की हौशी प्रतिस्पर्धी बहुधा घोडा जी५ वर घालतो. घाबरू नका, डी५ खेळा. त्याने ते प्यादे मारल्यावर मात्र हात आवरावा, कारण तुम्ही घोड्याने परत मारले, तर तो एफ७ वर घोड्याचा बळी देतो, पाठोपाठ वजीर एफ३ वर आणून शह देतो आणि तुमचा राजा पटाच्या मध्यभागी ओढला जातो. त्याऐवजी सी६ चा घोडा ए५ वर नेऊन उंटावर हल्ला करावा. एक प्यादे जाते, पण मोहरे झपाट्याने बाहेर पडतात.

समोर शाळकरी मुलगी बसली म्हणून घाईने खेळू नका. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक एकोणिसाव्या वर्षी जिंकला आहे.

गावातल्या पारावर चाल मागे घेता येते (आणि भांडणही होते), स्पर्धेत मात्र हात लावलेला मोहराच हलवावा लागतो. घड्याळही त्याच हाताने दाबायचे असते, ही सवय घरीच लावून घ्यावी.