'प्राइस ऑफ स्वीट पोटॅटोज'पुढं हॅज की हॅव?

खानापूर तालुक्यातल्या एका पालकांनी विचारलंय: मुलीनं इंग्रजीच्या वहीत 'द प्राइस ऑफ स्वीट पोटॅटोज हॅव गॉन अप' असं लिहिलं. बाईंनी 'हॅव' खोडून 'हॅज' केलं. रताळी तर ढीगभर, मग एकवचन का? आणि घरी मराठी, बाजारात कानडी बोलणारी ही पोर त्या दोन भाषांत असं कधी चुकत नाही, ते कसं?

(उदाहरण पक्कं बेळगावकडचं आहे. आषाढी एकादशी, महाशिवरात्र जवळ आली की वाक्य खरंही ठरतं.)

पहिल्या शंकेचं उत्तर एका ओळीचं. वाढला तो दर, रताळी नव्हेत. प्राइस एकच, म्हणून हॅज. 'प्राइसेस' लिहिलं असतं तर हॅव चाललं असतं.

खरी गंमत दुसऱ्या शंकेत आहे. मराठीत आपण म्हणतो, 'रताळ्यांचा दर वाढला'. रताळी आधी, दर नंतर, आणि दराला खेटून क्रियापद. शिवाय तो 'चा' आधीच वर्दी देतो की पुढं कुणीतरी पुल्लिंगी एकवचनी येतंय. 'किंमत' यायची असेल तर लगेच 'ची' होतो. कानडीत 'गेणसिन दर एरितु'. तिथला षष्ठीचा प्रत्यय पुढच्या नामाप्रमाणं बदलत नाही, पण क्रम तोच. म्हणजे दोन्हीकडं क्रियापदानं शेजारचं नाम बघितलं की भागतं. इंग्रजीतला 'ऑफ' हा क्रमच उलटा करतो. प्राइस पुढं निघून जाते आणि क्रियापदाच्या शेजारी रताळी येऊन बसतात. पोरीच्या कानानं शेजाऱ्याचं ऐकलं, इतकंच. जन्मानं इंग्रजी बोलणारेसुद्धा लांबलचक वाक्यात नेमके इथंच घसरतात, तेव्हा तिला फार रागावू नका.

शेजाऱ्याला मान देणं मराठीला तर व्याकरणातच मंजूर आहे. ताटात 'भाजी आणि भात वाढला', पण 'भात आणि भाजी वाढली'. इंग्रजीत 'अँड'नं दोघे जोडले की सहसा सरळ अनेकवचन. मात्र 'ऑर' आणि 'नॉर' आले की तिकडंही जवळच्याचंच चालतं: 'नायदर द कंडक्टर नॉर द पॅसेंजर्स वेअर हर्ट'.

मुलांना सांगायची युक्ती अशी, की 'ऑफ'पासून क्रियापदापर्यंतचा भाग बोटानं झाकायचा. 'वन ऑफ द बसेस टू निपाणी हॅज ब्रोकन डाउन' यात झाकून उरतं 'वन हॅज'. पण 'अ लॉट ऑफ', 'मोस्ट ऑफ', 'हाफ ऑफ' असले मापाचे शब्द आले की बोट काढायचं, कारण तिथं वचन ठरवतं ते पुढचं नाम: 'हाफ ऑफ द रोड इज वेट', 'हाफ ऑफ द रोड्स आर वेट'. 'द नंबर ऑफ'ला इज आणि 'अ नंबर ऑफ'ला आर, ही जोडी मात्र सरळ पाठ करून टाकावी.

आपल्या भागातल्या वह्यांत 'आवर सर हॅव कम' हेही भेटतं. त्याचं मूळ निराळं. मराठीत 'सर आले', कानडीत 'सर बंदरु', दोन्हीकडं आदरार्थी अनेकवचन. त्यामुळं 'सर हॅज' लिहिताना पोरांना सरांना अरेतुरे केल्यासारखं वाटत असेल तर नवल नाही. इंग्रजीत मात्र वडील असोत, सर असोत की राजा, 'ही'ला हॅजच. पण 'यू' बघा. ते मुळात अनेकवचनी. एकट्याला 'दाउ' म्हणायचे आणि त्याचं क्रियापद होतं 'आर्ट'. मोठ्यांना मानानं 'यू' म्हणता म्हणता ते सगळ्यांनाच लागू झालं, सतराव्या शतकात रोजच्या बोलण्यातून 'दाउ' मागं पडत गेलं, पण 'यू'चं अनेकवचनी 'आर' काही सुटलं नाही. एकाच माणसाला 'यू आर' का, असं उद्या मुलीनं विचारलं तर तिला आपलं 'तुम्ही आहात' दाखवा. तिथं मराठीची सवय उपयोगीच पडते.