पंप कण्हतोय, पण दुखणं कुठे आहे?

प्रश्न : चावी फिरवली की टाकीतून दोन-तीन सेकंद ‘झूंऽऽ’ असा आवाज येतो आणि थांबतो. मोटरसायकल नवी आहे. काही बिघाड असेल का?

उत्तर : नाही. इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे पेट्रोल दाबाने इंजिनात फवारलं जातं तिथे, इंजिन सुरू व्हायच्या आधी टाकीतला पेट्रोलचा पंप लाइनमध्ये (पेट्रोलच्या पाइपात) प्रेशर भरून ठेवतो, त्याचा हा आवाज. तो आलाच नाही, तर मात्र आधी हँडलवरचा किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) बंद तर नाही ना, ते बघा. निम्म्या ‘मेलेल्या’ पंपांचा रोग तिथेच सापडतो!

प्रश्न : पेट्रोल रिझर्व्हला आलं की पंप कण्हतो आणि चढावर गाडी अडखळते. मेकॅनिक म्हणतो, पंप बदला. बदलू का?

उत्तर : थांबा. आधी टाकी भरा. पंपाची मोटर पेट्रोलमध्येच बुडालेली असते. पेट्रोल तिला थंड ठेवतं, वंगणही देतं आणि आवाजही दाबतं. पातळी उतरली की हे सगळं कमी होतं, शिवाय चढावर पेट्रोल मागे सरकून पंप हवा ओढतो. टाकी भरल्यावर तक्रार गेली, तर पंपाला हात लावू नका. रिझर्व्हवर फिरायची सवय तेवढी सोडा.

टाकी भरलेली असूनही आवाज राहिला, तर पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी तपासा. ती गाळाने तुंबली की पंपाला ओढून घ्यावं लागतं, ओढीने पेट्रोलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि आवाज चिरका होतो. गाडी तापल्यावर हे जास्त जाणवतं.

आणखी एक बिनखर्चाची तपासणी. अर्धा तास चालवल्यावर आवाज वाढला, की गाडी थांबवून टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि आवाज उतरला, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. एवढं करूनही फरक नसेल, तर प्रेशर गेज लावायला सांगा. बऱ्याच गाड्यांत पेट्रोलचं प्रेशर 3 बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास असतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. आकडा न बघता पंप बदलणं मला तरी पटत नाही.

प्रश्न : सकाळी पंपाचा आवाज दमल्यासारखा येतो, दिवे लावले की आणखी खाली जातो.

उत्तर : हे दुखणं बहुधा विजेचं. पंप चालू असताना बॅटरीवर आणि पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर कनेक्टर, रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि अर्थिंग साफ करा. दोन्हीकडे कमी असेल तर बॅटरी.

प्रश्न : माझी गाडी इंजेक्शनची नाही, जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरची. टाकीखाली टिकटिक ऐकू येते. पंप गेला का?

उत्तर : अशा बहुतेक गाड्यांत पंप नसतोच, पेट्रोल उतारानेच खाली येतं. तेव्हा आवाज दुसरीकडे शोधा.

प्रश्न : नवा पंप बसवला, तो जुन्यापेक्षा मोठ्याने वाजतो.

उत्तर : रबरी बूच नीट बसलंय का, पाइप टाकीच्या पत्र्याला टेकतोय का, जाळी तळाशी दुमडली आहे का, ते उघडून बघायला सांगा. मात्र इंजिन थंड झाल्यावर आणि लाइनचं प्रेशर सोडूनच.